सुवर्णाचा एफ

फुलबाजारात आज कोणी "मखमलाबादची गिटारवाली" म्हटलं, की लोक माझ्या जावेचं नाव घेतात आणि चेहऱ्यावर असा भाव आणतात, की बाई आईच्या पोटातूनच वाजवत आली असावी. मला हसू येतं. सुवर्णाइतकी सावकाश शिकणारी विद्यार्थिनी अख्ख्या नाशकात दुसरी झाली नसेल, हे मी शपथेवर सांगते. मी तिची थोरली जाऊ. तिच्या खोलीची आणि माझ्या खोलीची भिंत एकच. भिंतीला कान असतात म्हणतात. त्या भिंतीला साडेपाच वर्षं माझेच कान होते, तेही नाइलाजाने.

आमचं घर माळ्याचं. कालव्याच्या बाजूला थोडी जमीन, तिच्यात गुलछडी, शेवंती, झेंडू, आणि बांधाला मोगरा. पहाटे तोडणी, मग फुलांना पाणी मारणं, जुड्या बांधणं, गजरे ओवणं, आणि दीपकभाऊजी, म्हणजे सुवर्णाचे यजमान, एम-एटीवर पाट्या लादून सराफ बाजाराकडे पळणार. फुलवाल्याच्या घरात सगळं घाईचं. ऊन चढायच्या आत माल पोचला नाही, तर त्याला माल म्हणत नाहीत, कचरा म्हणतात. आमच्या सासूबाई कुसाबाई या घाईच्या सेनापती. त्यांनी कधी कोणाला "बस जरा" म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

सुवर्णाचं माहेर देवळ्याचं. कांद्याच्या गावची म्हणून सासूबाई तिला टोमणे मारत, की चार महिने चाळीत ठेवला तरी काही होत नाही असा तुमचा माल, तुम्हाला घाई कशी माहीत असणार. पोरगी हसून कामाला लागायची. तिला घाई माहीत नव्हती हे मात्र खरंच होतं.

शहाण्णव सालच्या नाताळात शरणपूर रोडकडच्या एका चर्चची सजावट आम्हाला मिळाली. भाऊजी आणि सुवर्णा फुलं लावायला गेले. तिथं पुढच्या बाकावर एक गृहस्थ गिटार वाजवत बसले होते. सुवर्णा शिडीवर, हातात शेवंतीची माळ, आणि ती माळ बांधायचीच राहिली. भाऊजी खालून हाका मारून दमले. घरी आल्यावर तिने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"ताई, मला ते शिकायचंय."

"काय?"

"ते मांडीवर घेऊन वाजवत्यात ते."

"गिटार म्हणतात त्याला," मी म्हटलं. "कॉलेजची पोरं पोरींपुढं मिरवायला घेतात. तुला कोणापुढं मिरवायचंय?"

"मिरवायचं कशाला? मला नुसतं यावं वाटतंय."

तेव्हा ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. ते गृहस्थ म्हणजे रूबेन शिरसाठ सर. शाळेत संगीत शिकवत आणि घरामागच्या खोलीत गिटारचा क्लास घेत. सुवर्णाने भाऊजींना पुढं घातलं आणि भाऊजींनी सरांशी बोलून घेतलं. फीच्या ऐवजी दर रविवारी वेदीसाठी ताजी फुलं, आणि सरांकडची एक जुनी गिटार शिकेपर्यंत घरी न्यायला.

राहिली सासूबाईंची परवानगी. त्यांनी गिटारकडे असं पाहिलं, जसं कीड लागलेल्या झेंडूकडे बघतात. "नव्याचे नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "शिकू दे. पोळ्याच्या आत हे लाकूड माळ्यावर जाईल."

त्यांचा अंदाज चुकला. पण सुवर्णाचा हात काही बसेना.

क्लासमध्ये सगळी शाळकरी पोरं. त्यांच्यात ही साडीतली बाई भिंतीला टेकून बसायची. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पोरांच्या बोटांना घट्टे पडले, ती गाणी वाजवू लागली. हिची बोटं तारेवर ठेवली की कळवळायची. नवीन पोरं यायची, हिच्या शेजारी बसायची, आणि बघता बघता पुढच्या रांगेत जायची. ही मागच्या रांगेत कायम.

त्यात तो एफ. गिटारवर एफ नावाची एक पकड असते. पहिलं बोट आडवं टाकून सगळ्या तारा एकदम दाबायच्या आणि बाकीच्या बोटांनी आणखी वेगळी कसरत करायची. नीट जमलं तर भरून आवाज येतो, एखादी तार सुटली तर नुसतं ठप्प. सरांनी स्वतः चाल लावलेलं एक साधं गाणं होतं, क्लासच्या कार्यक्रमात प्रत्येक नवा विद्यार्थी तेच आधी वाजवायचा, आणि त्याच्या बरोबर मध्यावर हा एफ बसलेला. आमच्या भिंतीपलीकडून रोज ते गाणं सुरू व्हायचं, अर्ध्यावर यायचं, आणि ठप्प. पुन्हा पहिल्यापासून. ठप्प. त्या गाण्याचा पुढचा अर्धा भाग आमच्या भिंतीने कित्येक वर्षं ऐकलाच नाही. एफ हा आमच्या घरातला एक जास्तीचा माणूसच होऊन बसला होता, तोही रुसका.

एकदा मी न राहवून विचारलं, "सुवर्णा, तुला कंटाळा कसा येत नाही गं?"

"येतो ना."

"मग?"

"काल तीन तारा मुक्या व्हत्या. आज दोनच हायेत."

मला दोनमधला आणि तीनमधला फरक ऐकू येत नव्हता. तिला येत होता. एवढ्याशा फरकावर ही बाई दिवस काढत होती. मी तर म्हणते, घरात नवी साडी आली तरी तिचा चेहरा इतका फुलत नसे.

दर मे महिन्यात, शाळांना सुट्टी लागली की, सर एका छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवत. पोरं स्टेजवर बसून वाजवत, आईबाप टाळ्या वाजवत. सुवर्णाकडे काम एकच, स्टेज सजवायचं. सकाळी जाऊन ती झेंडूच्या माळा सोडायची, कडेला गुलछडी लावायची, आणि खाली उतरून मागच्या खुर्चीवर बसायची. सलग तीन वर्षं असं झालं. तिसऱ्या वर्षी मीही सोबत गेले होते. तिच्या शेजारी बसून शिकलेला, गुडघ्याएवढा एक मुलगा तिने सजवलेल्या स्टेजवर तो एफ असा वाजवून गेला, जसा शेंगदाणा खावा. परतताना रिक्षात ती बोटांची टोकं चोळत बसली.

"वाईट वाटतं का गं?" मी विचारलं.

"वाटतं. घर येईपर्यंत वाटतच राहतं. मग हातात घेतली की वाटायचं राहून जातं." थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, एकदा मला फुलं लावून खाली उतरायचं नाय. तिथंच बसायचंय. गाणं पुरं वाजवायचंय. बस, एवढं एकदा."

त्या दिवसापासून मलाही ते लागून राहिलं. आधी मी तिची चेष्टा करायचे, नंतरही करायचे, पण आता आतून वाटायचं, की देवा, या बाईला एकदा बसू दे तिथं.

त्याच पावसाळ्यात ती क्लासवरून आली ती डोळे लाल करून. सर चिडले होते. "सुवर्णाताई, तुम्ही घरी हात लावत नाही, लावला असता तर बोटं अशी राहिलीच नसती," असं सगळ्या पोरांदेखत म्हणाले. आणि ही बया उत्तर न देता खाली मान घालून आली!

माझं डोकं फिरलं. घरी हात लावत नाही? इथं आमच्या कानाचे पडदे फाटायची वेळ आली होती! पुढच्या क्लासला मी तिच्याबरोबर गेले आणि दारातूनच सुरुवात केली.

"सर, ही वाजवत नाही म्हणता? या आमच्या घरी, राहा चार दिवस. जेवण माझ्याकडं. पाचव्या दिवशी तुम्हीच हात जोडाल, की बाई, आता थांबवा!"

पोरं खदखदा हसली. सर बिचारे उठून उभे राहिले. भला माणूस, रागावला नाही. त्यांनी सुवर्णाचा डावा हात पुढे करायला लावला, चष्मा वर करून बोटांची टोकं पाहिली. पांढरी, सुरकुतलेली, कातडीचे पापुद्रे सुटलेले.

"हात पाण्यात असतात का तुमचे?"

"फुलांचा धंदा आहे सर," मी म्हटलं. "पाण्यात नसतील तर काय तुपात असतील?"

सर खाली बसले. म्हणाले, "तारेने बोटाला घट्टा पडतो, तो पडल्याशिवाय तार नीट दाबली जात नाही. पोरांना तो महिन्या-दोन महिन्यांत पडतो. तुम्ही रोज कमावता आणि रोज सकाळी बादलीत विरघळवून टाकता. अडीच वर्षं! मी आजवर हात बघितलाच नाही तुमचा." आणि पोरांदेखत बोलला होता तशीच पोरांदेखत त्या माणसाने तिची माफी मागितली.

कारण कळलं, पण बादली कोण सोडणार? सुवर्णाने डाव्या हाताला दुधाची रिकामी पिशवी चढवून वर गजऱ्याचा दोरा बांधला. बाजारात बायका विचारू लागल्या, भाजलं का गं? पिशवीत घाम सुटून बोटं आणखीच भिजली, तो प्रयोग संपला. मग ती एका हाताने जुड्या बुडवू लागली. काम निम्म्यावर आलं. सासूबाई दोन दिवस बघत राहिल्या. मी वाट बघत होते, आता तोफ सुटणार.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पाण्याचं घमेलं पायाने स्वतःकडे ओढलं.

"तू तोडणीकडं जा," त्या सुवर्णाला म्हणाल्या. "पाण्याचं मी बघते. आणि तोंडाकडं काय बघती? ऊन चढतंय."

गिटारचं नाव त्यांनी काढलं नाही. पण त्या दिवसापासून सुवर्णाचे हात कोरडे राहिले. कोरड्या तोडणीलाही कष्ट कमी नसतात. कमरेचा काटा ढिला होतो. पण बोटं तिची तिला मिळाली.

कोणाला वाटेल, की आता चटकन जमलं असेल. छे! एवढं सोपं असतं तर मी हे सांगत कशाला बसले असते? घट्टा पडायला एक हिवाळा गेला. चुकीच्या पद्धतीने दाबायची सवय जडली होती, ती मोडण्यात पुढचं वर्ष गेलं. मधल्या दोन्ही मे महिन्यांत तिने स्टेज सजवलं आणि खाली उतरली. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पालथ्या घड्यावर पाणी. मी त्यांच्याशी भांडायचे. घरात तिला चिडवायचा हक्क माझा, बाहेरच्यांनी कशाला तोंड घालावं?

दोन हजार एकच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी भाकऱ्या थापत होते. भिंतीपलीकडे गाणं सुरू झालं, मध्यावर आलं, मी सवयीने ठप्पची वाट बघितली, आणि ठप्प आलाच नाही. भरून आवाज आला. आणि पहिल्यांदाच, त्या गाण्याचा पुढचा अर्धा भाग मी आमच्या भिंतीतून ऐकला. तव्यावरची भाकरी करपून काळी झाली. मी खोलीत धावत गेले तर ही गिटार मांडीवर घेऊन रडत होती आणि हसतही होती. मीही रडले, खोटं कशाला बोलू?

सरांनी पुढच्या मे महिन्याच्या यादीत तिचं नाव घातलं.

आता आमच्या घराची एक श्रद्धा सांगायला हवी. आमच्याकडे पाणी हा सगळ्यावर उपाय. मोगरा सुकतोय, ओलं फडकं टाका. गुलछडी माना टाकतेय, गोणपाट भिजवून गुंडाळा. माठ, भाजी, पाहुण्यांसाठी आणलेली पानं, सगळं ओल्या गोणपाटाखाली टिकतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी लग्नाचा मांडव सजवायला सुवर्णा, मी आणि भाऊजी गेलो होतो. घरी सासूबाई एकट्या. पत्र्याखालची खोली, मे महिन्याचं ऊन. त्यांनी सहज गिटारला हात लावला, तर लाकूड चटका बसेल इतकं तापलेलं.

आम्ही संध्याकाळी परतलो तेव्हा त्या उंबऱ्यातच आमची वाट बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर लाडाचं काहीतरी होतं.

"लय तापलं व्हतं गं ते तुझं. म्हणलं, उद्या पोरीला वाजवायचंय, सुकून तडकायला नको. दुपारधरनं ओल्यात ठेवलंय. तीनदा पाणी मारलं."

कोपऱ्यात ओल्या गोणपाटात बाळासारखी गुंडाळलेली गिटार. सुवर्णाने गोणपाट उलगडलं. पोट फुगलेलं. तारा खाली जिथं अडकवतात, ती पट्टी उचकटून वर आलेली, तारा लोंबत होत्या.  भाऊजी "आई!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात सुवर्णाने त्यांच्या दंडाला धरलं.

"बरं केलंत आत्याबाई," ती म्हणाली. "कोण बघतं एवढं."

मग ती गिटार खोलीत घेऊन गेली. आम्ही सासूबाईंना एवढंच सांगितलं, की तारा बदलायला सरांकडं न्यावी लागेल. भिंतीला कान लावायची मला गरज नव्हती, तिचं रडणं तसंच ऐकू येत होतं. पण सासूबाईंबद्दल एक वाकडा शब्द तिने काढला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. अशी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

भाऊजी त्याच पावली सरांकडे गेले आणि सरांची स्वतःची गिटार घेऊन आले. तिचा दांडा रुंद, तारा कडक. सकाळपर्यंत सुवर्णाच्या हाताला ती ओळख द्यायला तयार नव्हती. तरी तिने सकाळी जाऊन स्टेज सजवलं, कारण ते काम दुसरं कोण करणार?

संध्याकाळी सासूबाई नवं लुगडं नेसून पहिल्यांदाच कार्यक्रमाला आल्या आणि माझ्या शेजारी पुढच्या रांगेत बसल्या. काही पोरांचं वाजवून झालं, मग सुवर्णाचं नाव पुकारलं. ती स्टेजवर चढून खुर्चीत बसली. सासूबाईंनी डोळे बारीक केले.

"हे आपलं न्हवं," त्या मला म्हणाल्या.

खोटं बोलायला मला सुचलं नाही. हळू आवाजात सांगितलं, की पाण्याने आपली गिटार मोडली.  त्या पदराचं टोक बोटांत पिळत राहिल्या.

गाणं सुरू झालं. छान चाललं होतं. मध्यावर आलं, रुंद दांड्यावर तिचं बोट पुरलं नाही, आणि ठप्प.  तिने हात झटकला, पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा तिथंच ठप्प. मागून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवायला सुरुवात केली. ती टाळी मला ओळखीची आहे. बाई, पुरे झालं, उतरा आता, असं म्हणणारी ती टाळी. निवेदन करणारी मुलगी माइक घेऊन पुढं आली. सुवर्णाने गिटार मांडीवरून उचलली.

माझ्या शेजारची खुर्ची करकरली. सासूबाई उभ्या होत्या.

"ओ, टाळ्या थांबवा!" बाजारात गिऱ्हाइकाला हाक मारतात त्या आवाजात त्या म्हणाल्या. "झालं नाय तिचं अजून!"

टाळ्या थांबल्या. मुलगी माइक घेऊन मागं सरकली.

"सुवर्णा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तू वाजव निवांत. आमाला कुटं जायाचं नाय. बस तू."

सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने गिटार पुन्हा मांडीवर घेतली, डावा हात साडीला पुसला आणि पहिल्यापासून सुरू केलं. मध्य आला. एफ लागला, पुरा नाही, एक तार मुकीच राहिली. पण ती थांबली नाही. पुढचा अर्धा भाग आला, शेवटची ओळ आली, आणि गाणं पुरं झालं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या, या वेळी खऱ्या. सासूबाई मात्र उभ्याच होत्या आणि त्यांचे दोन्ही हात तोंडावर होते. पुढच्या पोराचं नाव पुकारलं गेलं, तो गिटार घेऊन स्टेजवर आलाही. सुवर्णा उठली नाही. हात तारांवर ठेवून ती तशीच बसून राहिली, आणि त्या पोरासाठी दुसरी खुर्ची आणावी लागली.